घोटाला घोट

मोहगावच्या अंगणवाडीत वत्सलाबाई मदतनीस होत्या, तेव्हा खिचडीला नाही म्हणणारं पोर गावात उरलं नव्हतं. आता त्या निवृत्त होऊन पांढुर्ण्याला भाच्याकडे राहत. पण भरवायची सवय काही सुटली नव्हती. भाचेसून करुणा या आत्याबाईंना त्यासाठी जरा वचकूनच असे.

करुणाची मुलगी प्रणाली कित्येक दिवस पोटदुखीनं कळवळत होती. वजन उतरलं होतं. उपाशीपोटी सोनोग्राफीला नेलं, तर आत्याबाईंनी वाटेत तिला गुपचूप संत्री सोलून चारली, आणि फळानं कुठं उपास मोडते का, असं वर डॉक्टरांनाच विचारलं. चित्र नीट आलं नाही. मग लहान आतड्याला सूज आहे का हे पाहायला नागपूरला एमआरआय ठरला. करुणाचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं निघताना आत्याबाईंची पिशवी तपासली, लाडूंचा डबा काढून घेतला आणि मगच गाडी पकडली.

नागपूरला प्रकार उलटाच निघाला. आतडी फुगून स्पष्ट दिसावीत म्हणून प्रणालीला तासाभरात बाटलीभर गोडसर औषधी पाणी प्यायचं होतं. तिनं एक घोट घेतला आणि तोंड मिटलं ते मिटलंच. करुणानं गोंजारलं, मोबाइलचं आमिष दाखवलं, शेवटी स्वतःच रडकुंडीला आली. नर्सनं सांगितलं, प्यायली नाही तर आज तपासणी होणार नाही, पुढची तारीख घ्या.

आत्याबाई पदर खोचून पुढं झाल्या. त्यांनी त्याच बाटलीतलं पाणी आपल्या ग्लासात ओतलं. पोट बिघडेल, साधं पाणी घ्या, असं नर्स कळवळून सांगत होती.

"पोरगी पाहून राहिली न माह्याकडं," आत्याबाई म्हणाल्या. "तिनं हे प्यावं अन् म्या साधं पानी? चाल वो प्रणाली, पाहू कोन हारते."

नातीसमोर आजी हरेना, आजीसमोर नात. नर्सनं आत्याबाईंना बोल लावत कमी पडलेलं पाणी पुन्हा भरून दिलं, तेही प्रणालीनं संपवलं आणि ऐटीत मशीनमध्ये जाऊन झोपली.

संध्याकाळी डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. लहान आतड्याला सूज नव्हती, कुठं अरुंद जागा नव्हती. करुणाला हुंदकाच फुटला. आधी कुणाला सांगावं हे तिला ठाऊक होतं. ती धावत बाथरूमच्या दारापाशी गेली. आत्याबाई दुपारपासून तिथंच मुक्कामाला होत्या.

"आत्याबाई, डॉक्टर म्हणते, आतडं एकदम चांगलं हाये."

आतून क्षीण आवाज आला, "कोनाचं?"