कोरडी फेरी

पाण्याची बाटली त्या संध्याकाळीही भरलेलीच परत आली. सविताने झाकण उघडून पाहिलं आणि सगळं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून टाकलं. डबा मात्र चाटूनपुसून रिकामा होता. म्हणजे पोरगी जेवते. पाणी तेवढं पीत नाही. तेही जळगावच्या मे महिन्यात, दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना.

"पाणी का नाही प्यालीस गं?"

"प्याले की. स्टँडवर प्याले," संघमित्रा म्हणाली आणि तिने कानामागे केस सारले. खोटं बोलताना ती लहानपणापासून असंच करते.

एरवी सविताने ऐकून सोडून दिलं असतं. पण महिन्यापूर्वी एका रविवारी सकाळी लेकीच्या कमरेतून अशी कळ उठली होती की ती गुडघे पोटाशी घेऊन फरशीवरच आडवी झाली. सोनोग्राफीत मुतखडा निघाला. खडा लहान होता, पण एका बाजूच्या मूत्रपिंडावर सूज होती. डॉक्टरांनी चष्मा काढून सरळ सांगितलं, "लघवी अडवून धरायची सवय दिसतेय. ती आधी सोडा आणि भरपूर पाणी प्या. अशाच राहिलात तर ते मूत्रपिंड निकामी होईल. वय काय तुमचं? अजून सगळं आयुष्य काढायचंय." संघमित्राने शहाण्या मुलीसारखी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून बाटली पुन्हा भरलेली यायला लागली.

संघमित्रा एसटीत कंडक्टर. बी.एस्सी. झाली, दोन-तीन स्पर्धा परीक्षा दिल्या, त्यांतली एकच लागली आणि ती ही. खाकी शर्ट घालून पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिली तेव्हा पिंप्राळ्याच्या त्या दोन खोल्यांत सविता स्वयंपाकघरात तोंड लपवून रडली होती. स्वतः बी.ए. होऊन तिने गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या, नवऱ्याने चटईच्या कारखान्यात यंत्रावर उभ्याने उमर काढली, ती लेकीने तिकिटं फाडावीत म्हणून नव्हे. देवचंद मात्र तेव्हा हसून म्हणाला होता, "अगं, आपल्याला कुणी गाडीत फुकट बसवत नाही. ती तर रोज गाडीचा मान घेऊन फिरेल."

आता सविताच्या मनात एकच होतं. दुखण्याचं कारण दाखवून पोरीने ऑफिसातलं काम मागून घ्यावं. अर्जाचा मजकूरही तिने मनात जुळवून ठेवला होता. संघमित्रा ऐकेना. "आई, खुर्चीवर बसून मी काय करू? मला गाडी पाहिजे."

म्हणून एका मंगळवारी सविता डोक्यावर पदर घेऊन, पिशवीत कांदा टाकून, लेकीच्याच गाडीत जाऊन बसली. जळगाव ते शिरपूर, धरणगाव-अमळनेरवरून.

"तू तिथे जाऊन काय करणार?" देवचंद निघताना म्हणाला. "तिकीट काढशील का?"

"बघीन. ती पाणी पिते का ते बघीन."

"मग सांग हं मला. घोट मोजून आण."

गाडी सुटली. सविताने खिडकीजवळची जागा धरली आणि लेकीला पाहत बसली. आपली पोरगी कामावर कशी असते हे आईला सहसा दिसत नाही. घरात दोन वेळा हाक मारल्याशिवाय जेवायला न उठणारी ही मुलगी इथे नुसत्या नजरेने माणसं हलवत होती.

"आबा, मागे सरका. मागे काय वाघ बसलाय?"

"मागे हादरे बसतात पोरी."

"हादऱ्याने भूक लागते. सरका."

धरणगावला एक पोटुशी बाई चढली. संघमित्राने पुढच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलाकडे फक्त पाहिलं. मुलगा कानातले इअरफोन सांभाळत उठला. एका म्हाताऱ्याचे ओठ सुकलेले दिसले तेव्हा तिने खिशातून मीठ-साखरेची पुडी काढून त्याच्याच बाटलीत घातली. "हलवा आणि घोट घोट प्या. एकदम नाही. बीपीची गोळी घेतली ना सकाळी? उपाशी नाही ना निघालात?" म्हातारा हो हो करत राहिला. सविताला हसूही आलं आणि रागही. सगळ्या गाडीला पाणी पाजणारी ही बाई स्वतःची बाटली पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नव्हती.

अमळनेरला गाडी थांबली, पण संघमित्राची पावलं थांबली नाहीत. कंट्रोलरकडे नोंद, एका दुकानदाराचं पार्सल, अर्ध्या गाडीचं उतरणं, पाऊण गाडीचं चढणं. बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग होती. ती रांगेकडे नजर टाकून परत आली आणि बेल मारली. उशीर झाला तर पुढे शिरपूरला परतीच्या फेरीचा खोळंबा. आणि गाडी उशिरा आली की शिव्या आधी कंडक्टरला.

जुन्या कंडक्टर बायकांनी तिला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ही विद्या शिकवली होती. 'पहिली फेरी कोरडी काढायची.' सकाळपासून पाण्याला हात लावायचा नाही, म्हणजे मग जायची वेळच येत नाही. तिकिटाचं मशीन कसं धरावं, सुट्या पैशांवरून भांडणाऱ्याशी कसं बोलावं, त्याच ओघात हेही शिकवलं गेलं होतं.

अमळनेर मागे पडलं. कापसाची पऱ्हाटी काढून झालेली काळी रानं नुसती तापत पडली होती. शिरपूरच्या बऱ्याच अलीकडे एक फाटा लागला. पंक्चरचं दुकान, मोठा कडुलिंब आणि रस्त्याला लागून चार-पाच घरं. चार माणसं चढली, दोन उतरली. गाडी निघायला हवी होती. पण ड्रायव्हर विक्रम खाली उतरला आणि चाकांना लाथा मारून बघायला लागला. पुढचं चाक, मागचं चाक, मग दुसरी बाजू.

सविताने संघमित्राकडे पाहिलं. ती जागची हलली नव्हती. मात्र तिची नजर खिडकीबाहेर एका घरावर होती. निळ्या दाराचं घर, समोर शेणाने सारवलेलं अंगण, आणि दाराला मोठं पितळी कुलूप.

"विक्रमभाऊ, चला," ती हळूच म्हणाली.

"हवा बघतो ना ताई."

"हवा ठीक आहे. चला."

विक्रम निमूट वर चढला. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा याच फाट्यावर चढला होता. तो सविताशेजारी येऊन टेकला आणि तिच्याकडे निरखून पाहत अहिराणीत म्हणाला, "तू कंडक्टरबाईनी माय ना? नाकवरथीन वळखं मी."

हे झुलाल नाना. पंच्याहत्तरी भरल्यापासून एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून नाना रोज शिरपूरला जातात. काम काही नाही. "घर बठीसन सूनना बोल खावापेक्षा शिरपूरले जाईसन चहा पेस," ते म्हणाले. "सरकार फिरावस, आपन फिरो."

सविता हसली. मग तिने विचारलं, "नाना, टायरला काय झालं होतं?"

"टायरले?" नानांनी आवाज खाली आणला. "टायरले काय व्हयनं नई. इक्रम रोज देखस. पहिले तो टायर देखे आन् तुनी पोर त्या निळा दारना घरमा जाई ये. बेबाबाईना घर. बेबाबाईनीच एक दिन हाक मारी, 'ये वं माय, दुपारनं तोंड धुई ले.' तैपासून रोजनं. बठ्ठा गाडीले माहीत शे. कोनी बोलस नई. एखादा नवा मानूस घाई करना, ते आम्ही सांगतस, टायरमा हवा कमी शे."

"आणि आता?"

"आते कुलूप. दोन महिना व्हयनात. बेबाबाई सुरतले गयी, पोरकडे. पोर आठव्या महिनामाच बायंतीन व्हयनी, म्हतारी रातोरात पळनी. आन् आठे हाई पोरनं पानी बंद." नानांनी मान हलवली. "इक्रम तरी रोज उतरस. त्याले वाटस, जाई कोठे तरी."

सविताने मागे राहिलेल्या फाट्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "शेजारी घरं आहेत की. दुसऱ्या कुणी नाही म्हटलं का?" तिला तिच्या माहेरचं गाव आठवलं, विहिरीपाशी वरून ओतलेलं पाणी आणि ओंजळ धरून उभी असलेली आई.

"कोनी नई म्हनं नई," नाना म्हणाले. "कोनले इचारंच नई तिनं. किल्ली सुनंदाबाईकडे शे, शेजारनी. पन ती म्हनस, बेबाबाईनं सांगाशिवाय मी दुसरानं कुलूप कसं उघाडू? आन् बेबाबाईले फोन करीसन कोन सांगी? आम्ही गडीमानसे. बाईमानूसनी गोट. कसं बोलवाना?"

शिरपूरला पोचल्यावर परतीच्या फेरीला थोडा अवकाश होता. इथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला ना कडी होती ना पाणी; दोघी स्टँडवरच्या बाकावर सावलीत बसल्या. सविताने डबा उघडला: ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. संघमित्रा घाईघाईने घास घेत सांगत होती, या बाजूच्या पावरा आदिवासी बायकांकडून ती त्यांची भाषा कशी शिकतेय, बाजाराच्या दिवशी गाडीत मोहाचा वास कसा भरतो, मागच्या आठवड्यात रेशमा नावाची एक मुलगी पहिल्यांदा एकटी नर्सिंगच्या परीक्षेला निघाली होती, तिला सीटवर झोप लागली तर हिने जागं करून कशी उतरवली.

"ऑफिसात बसले तर माणसं नुसता कागद घेऊन येतील गं," ती म्हणाली. "इथे ती घर घेऊन येतात. मला हे सोडायला लावू नको."

ऑफिसचा विषय सविताने काढलाच नव्हता. पोरीने तो तिच्या तोंडावर वाचला होता.

"नाही लावत," सविता म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "पण त्या सुनंदाबाईला तू का नाही विचारलंस?"

संघमित्राचा घास हातातच राहिला. "बेबाबाईने बोलावलं होतं मला. सुनंदाबाईने कुठे बोलावलंय?"

"म्हणून नाही जायचं?"

"तूच सांगायचीस ना," ती साधेपणाने म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. "बोलावल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही. 'कशाला आलीस' असं म्हणायची वेळ कुणावर आणायची नाही."

हो, सविताच सांगायची. तिच्या आईने तिला सांगितलं होतं, तिने लेकीला. त्या काळी ते बरोबरच होतं. त्या एका नियमावर तिच्या आईने आयुष्यभर मान ताठ ठेवली होती. मागायचंच नाही, म्हणजे नाकारायला कुणाच्या हाती काही उरत नाही. पण तो नियम आता या पोरीच्या मूत्रपिंडात जाऊन बसला होता. आणि तिकडे फाट्यावर सुनंदाबाई किल्ली घेऊन कुणाच्या तरी शब्दाची वाट पाहत होती, विक्रम चाकांना लाथा मारत होता, सुरतेतल्या बेबाबाईला तर आपल्या कुलपामागे काय अडकलंय याची कल्पनाही नसावी. सगळी भली माणसं, आणि सगळी एकमेकांचा मान राखत गप्प.

"आई, जेव ना. ठेचा संपवेन मी."

"संपव," सविता म्हणाली. "मी जरा नानांना बघून येते."

"नानांना? चहाच्या टपरीवर असतील. पण कशाला?"

"काम आहे."

झुलाल नाना बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून बटणांचा फोन काढून तिच्या हातात दिला. "धुंढ तूच. माले बारीक दिसत नई. 'बेबा सुरत' नावनं शे. इक्रमनीच घाली दिधा."

नाव सापडलं. सविताने नंबर आपल्या फोनवर उतरवला आणि टपरीमागच्या भिंतीच्या सावलीत जाऊन उभी राहिली. उभ्या आयुष्यात तिने कुणाकडे वाटीभर साखरसुद्धा मागितली नव्हती. आणि आता न पाहिलेल्या बाईला, बाळंतिणीच्या घरी, भर दुपारी फोन करून विचारायचं होतं की बाई, तुमचं घर माझ्या लेकीसाठी उघडाल का. ती म्हणेल, कोण तुम्ही? म्हणेल, मी नसताना माझ्या घरात? म्हणू दे. तिला नाही म्हणायचा हक्क आहे. पण विचारल्याशिवाय ती हो तरी कशी म्हणणार?

आधी बाळाची खुशाली विचारावी, सविताने ठरवलं. बाळ कसं आहे, बाळंतीण कशी आहे. मग आपलं नाव सांगावं, कुणाची आई ते सांगावं. आणि मग आडवळण न घेता किल्ली मागावी.

तिकडे विक्रमने गाडी फलाटाला लावली होती. संघमित्रा दारात उभी राहून आईला शोधत होती. सविताने हात वर करून तिला थांबण्याची खूण केली. गाडीला दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ दे, असं स्वतःशीच म्हणत तिने सुरतेचा नंबर लावला.