पडद्यावर दिसणारी गोळी

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शब्द नीट मांडायची सवय अजून अंगवळणी पडलेली नाही, तरी लिहायला बसलो आहे. या धिटाईबद्दल क्षमा असावी.

बेळगावातली मार्गशीर्षातली दुपार. संगणकांच्या खोलीत ऊन येऊ नये म्हणून खिडक्या मिटलेल्या, तापलेल्या यंत्रांचा कोरडा वास, आणि माझ्यासमोर काळ्या पडद्यावर संथ फिरणारं एक प्रथिन: हिरव्या-निळ्या फितींचा सैल गुंता, त्याच्या पोटात एक खोलगट खाच, आणि त्या खाचेत अलगद टेकलेला औषधाचा रेणू. माउसनं तो जवळ आणला की तुटक पिवळ्या रेषा उमटतात. रेणूला कुठंकुठं धरून ठेवलं आहे, ते त्या सांगतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणारे माझे वडील, आप्पा, रक्ताच्या कर्करोगावर जी गोळी घेतात, तीच ही.

आप्पांना वाटायचं, मला इथं त्यांचंच रक्त दिसतं. "ते तुमचं न्हवं, आप्पा," मी एकदा फोनवर म्हणालो.

"कुणाचं का असंना," ते हसले, "गोळी बसलीया न्हवं? मग गप अभ्यास कर की रं."

या खेपेला मात्र आप्पांच्या तपासणीत आजार पुन्हा वाढलेला दिसला. गोळी ज्यात बसते ते प्रथिनच बदललं असावं, अशी डॉक्टरांना शंका आली आणि रक्ताचा नमुना बाहेरगावी गेला. त्या दुपारी मी सॉफ्टवेअरमध्ये खाचेच्या तोंडाशी असलेलं एकच अमिनो आम्ल बदलून पाहिलं. एवढासा फरक, पण गोळीला आत जागाच उरली नाही. पिवळ्या रेषा मावळल्या. सोबतच्या मुलांनी चहाला हाक मारली, मी माउस सोडला नाही. घरी हे कुणाला समजावू, आणि इथं कुणाला सांगू? नंतर कितीतरी दुपारी मी तीच आकृती फिरवत बसलो, कुठल्यातरी कोनातून गोळी आत शिरेल या आशेनं.

परवा थोरल्या बहिणीचा, आक्काचा, फोन आला.

"रिपोर्ट आला रं. डॉक्टर म्हणत हुते तसलं काय बी बदललं न्हाय. आप्पाच गोळी घेत न्हवते. गोळी घेतली की वखारीतल्या वासात लई मळमळतंय म्हणून कामाच्या दिवशी तशीच ठेवायचे. कुणाला बोललेच न्हाईत बघ."