घासून काढलेली बोली

बार्शीटाकळीच्या दंडारीत सागर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा आठ वर्षांचा होता. दंडार म्हणजे गावातल्याच बाप्यांनी ढोलकीवर नाचून, सोंगं काढून केलेला खेळ. तिथले म्होरके नत्थुजी यांनी त्याला लुगडं नेसवलं आणि सांगितलं, तुझी माय बाजारात भांडते तसा भांड. सागरची आई बेबीताई वावरातली वांगी-मेथी अकोल्याच्या जुन्या शहरात नेऊन विकायची, आणि गिऱ्हाइकाशी भांडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोराने कमरेवर हात ठेवून तोंड उघडलं मात्र, अख्ख्या गावाची हसून मुरकुंडी वळली. सगळ्यांत जास्त बेबीताई हसली. हा नट होणार, असं गावाने त्या दिवशीच ठरवून टाकलं.

नट झालाही. पण कसा झाला ते सांगायला हवं.

बारावीनंतर तो अमरावतीला नाटक शिकायला गेला. पहिल्याच वाचनात त्याच्या तोंडून 'मले' निघालं आणि मागून कोणीतरी फिसकन हसलं. हसणारे काही लंडनहून आले नव्हते. घरी गेल्यावर तेही तसंच बोलत असणार. पण सागरच्या मनाला ते लागलं. सरांनी सांगितलं की, पुण्या-मुंबईत उभं राहायचं तर हे सगळं घासून काढावं लागेल. त्याने घासलं. दातांत पेन्सिल धरून, बातम्या ऐकून, आरशासमोर तासन् तास उभं राहून घासलं. सुट्टीत घरी आला की मात्र आठ दिवसांत सगळी मेहनत पाण्यात जायची. म्हणून दुसऱ्या वर्षी त्याने आईला सांगितलं, तू माझ्याशी असं बोलत जाऊ नकोस, मला त्रास होतो.

बेबीताईने का म्हणून विचारलंसुद्धा नाही. चौथी शिकलेली ती बाई टीव्हीवरच्या मालिका ऐकून शुद्ध बोलायला शिकली, आणि तेही फक्त लेकासाठी. गिऱ्हाइकाशी, शेजारणीशी, म्हशीशी ती आपल्याच भाषेत बोलायची. सागरचा फोन आला की एकेक शब्द तपासून विचारायची, जेवलास का, प्रकृती बरी आहे ना. सागरला ते बरं वाटायचं. इतकी वर्षं बरंच वाटत राहिलं, आणि चूक झाली ती इथे.

पुण्यात व्यावसायिक नाटकांत त्याला कामं मिळत गेली. कधी डॉक्टर, कधी वकील, कधी नायिकेचा थोरला भाऊ. जाहिरातीत नाव शेवटून दुसरं. पस्तिशी उलटली तेव्हा रागिणी नावाच्या दिग्दर्शिकेने वऱ्हाडातलं एक नाटक हाती घेतलं. नाटकाचा नायक होता भाजीबाजारात हर्रासी, म्हणजे लिलाव, पुकारणारा म्हातारा. सगळ्या मंडळींत वऱ्हाडचा असा सागर एकटाच. ही भूमिका आपलीच, आजवर थांबलो ते हिच्यासाठीच, असं त्याला वाटलं. त्याच्या जागी कोणालाही वाटलं असतं.

त्याने पहिला प्रवेश वाचला. शब्द सगळे बरोबर होते. रागिणीने हातातलं पान खाली ठेवलं.

"सागर," ती म्हणाली, "तू वऱ्हाडी माणसाची नक्कल करतो आहेस."

त्याने पंधरा दिवस मागून घेतले आणि अकोला गाठलं. जुन्या शहरात आईच्या दुकानाशेजारी पोतं टाकून बसला. बेबीताई एका गिऱ्हाइकाला सुनावत होती, "अवो बाई, वांगं चेपू चेपू काय पाहून राहिली? घ्याचं त घे, नाई त ठेव." सागरच्या अंगावर काटा आला. हेच तर हवं होतं. तेवढ्यात ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुला ऊन लागत असेल. सावलीत बस."

माझ्याशीही तसंच बोल, असं त्याने विनवलं. ती लाजली. त्याच्यासाठी तिने रोज प्रयत्न केला, पण त्याच्याकडे तोंड केलं की शब्द अडायचे. बँकेतल्या साहेबापुढे उभी असल्यासारखी ती पदर सावरायची. सोळा वर्षांची सवय आहे, जात नाही रे, म्हणाली. शेवटी त्याने तिचं बाजारातलं बोलणं मोबाइलवर टिपून घेतलं आणि पाठ केलं. पुण्यात म्हणून दाखवलं तेव्हा ते पाठ केलेलंच वाटलं.

भूमिका कोल्हापूरकडच्या एका नटाला मिळाली. तो महिनाभर अकोल्याजवळच्या पातूरच्या बाजारात नुसता बसून आला होता आणि तिथेच जन्मल्यासारखा बोलत होता. सागरला तहसीलदार दिला. दोन प्रवेश, स्वच्छ पुणेरी मराठी. नाही म्हणावं असं फार वाटलं, पण नाही म्हणून जायचं कुठे?

नाटकाचा दौरा अकोल्याला आला. दुपारचा प्रयोग होता. बेबीताई नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली, आणि सागर विंगेतून नाटक सोडून तिच्याकडेच बघत राहिला. हर्रासीच्या प्रवेशात ती खदखदून हसली. म्हातारा कोसळला तेव्हा मोकळेपणी रडली. तहसीलदार आला तेव्हा मात्र हात मांडीवर ठेवून ताठ बसली, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर मुलं बसतात तशी.

प्रयोग संपल्यावर सागर तिला रंगपटात घेऊन आला. कोल्हापूरचा नट आरशासमोर बसून पांढरे केस उतरवत होता. बेबीताई सरळ त्याच्यापाशी गेली आणि रंग फासलेल्या त्याच्या तोंडावरून तिने दोन्ही हात फिरवले.

"कोन्या गावचा व्हय रे बाप्पा तू?" ती म्हणाली. "तुले पाहून माया जीव कसानुसा झाला. घरी ये जेवाले. भरीत करतो तुयासाठी."

तो वाकून तिच्या पाया पडला. मग ती त्याला काय काय विचारत बसली; माय काय करते, भाऊ किती, इतका वाळला काहून. सागर दाराशी उभा राहून ऐकत होता. सोळा वर्षांत यातला एक शब्द आपल्या वाट्याला आला नाही आणि यापुढे येणारही नाही, हे त्याला तिथे कळलं.

डोळे पुसून बेबीताई लेकाकडे वळली.

"तुझंही काम छान झालं, सागर," ती म्हणाली. "चल, तुला उशीर होत असेल."