एवाल्डचा गुडघा

एवाल्ड ब्रूनचा गुडघा डेन्मार्कमधल्या थ्युबोरॉन बंदरात सगळ्यांना ठाऊक होता. चालताना तो दुखत नसे, बोटीवर चढताना दुखत नसे, कुणाच्या लग्नात नाचताना तर मुळीच दुखत नसे. सायकलचं नाव निघालं की मात्र दुखायचा. "तुम्ही व्हा पुढं, माझा गुडघा आहे ना," असं म्हणून एवाल्ड पायी निघे आणि लोक "बिचारा" म्हणत सायकलींवर टांग टाकून निघून जात.

खरी गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, गुद्रुनला माहीत होती. एवाल्डला सायकल येतच नव्हती. जिथं पोरं शाळेत जायच्या आधी सायकल शिकतात, त्या देशात जन्मून येत नव्हती. लहानपणी घरात सायकल एकच, तीही थोरल्या भावाची. दाराबाहेर पडलं की वाळूच्या टेकड्या. मिसरूड फुटायच्या आत तो मासेमारीच्या बोटीवर गेला, आणि बोट हाकणाऱ्याला सायकलवरून पडायची लाज वाटू लागली. वर्षं गेली तशी लाज वाढली. शेवटी एकदा गुडघा दुखू लागला, तो कायमचाच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

हिवाळा सरता सरता कोपनहेगनहून नातीचा, आल्बेर्तेचा फोन आला. मे महिन्यात तिचं लग्न होतं.

"आजोबा, सगळं वऱ्हाड सायकलवर! नगरभवनात लग्न लावून निघायचं, तळ्यांच्या काठाकाठानं, मोठा पूल ओलांडून बागेत जेवायला. आजीची सायकल मी बघून ठेवलीय."

"आणि मी?"

"तुझा गुडघा आहे माझ्या लक्षात. तुझ्यासाठी पेटीची तीनचाकी. पोरांना पुढं बसवून नेतात ना, तसली. गादी टाकते, फुलं लावते, तू नुसतं ऐटीत बसायचं. माड्स चालवेल, नवऱ्याचा मित्र. ताडमाड आहे, घोड्यासारखा ओढेल."

"वा, वा," एवाल्ड म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

गुद्रुन काळ्या पावावर खारवलेला मासा मांडत होती. "बस की पेटीत. शेजारी बटाट्याचं पोतं ठेवू, तोल राहील."

"मी जाणार नाही."

"नातीच्या लग्नाला?"

"पेटीत बसून जाणार नाही."

"मग शीक."

"या वयात?"

"नाहीतर पोरीला खरं सांग."

त्यावर एवाल्ड बराच वेळ कॉफी ढवळत बसला. तो कॉफीत साखर घालत नसे.

जायची तयारी मात्र सुरू झाली. आगगाडीची तिकिटं आली, काळा सूट उन्हात घातला, गुद्रुननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोपनहेगनचा नकाशा पसरला. वऱ्हाडाची वाट तिनं लाल लोकरीनं आखून घेतली. येता-जाता एवाल्ड त्या लोकरीवरून बोट फिरवी. "या पुलावर वारा आडवा लागणार," तो म्हणे. "इथं वळण अवघड आहे." नकाशावर तो कधीच पडला नाही.

शेवटी एका शनिवारी, टोपी कपाळावर ओढून, तो शेजारच्या लेमविग गावी गेला. तिथं वाचनालयाच्या मागच्या अंगणात मोठ्या माणसांसाठी सायकलचा वर्ग भरे. अंगणात सगळ्या बायकाच. कुणी सीरियाची, कुणी सोमालियाची, कुणी अफगाणिस्तानची. शिकवणारी हनादी सीरियातल्या होम्स शहरातून आलेली. काही वर्षांपूर्वी ती याच अंगणात सायकल शिकली होती.

"या काका! सायकली दुरुस्त करायला आलात?"

"नाही. शिकायला."

हनादीनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही इथलेच ना?"

"इथलाच."

"आणि सायकल येत नाही?"

"जरा हळू बोला."

"अगं बायांनो, ऐका!" ती ओरडलीच. "माझा नवरा म्हणतो, हे लोक आईच्या पोटातून सायकलवरच बाहेर येतात. हे बघा, एक पायी आलेत!"

अंगण खो खो हसलं. एवाल्डचे कान लाल झाले, पण थोड्या वेळानं त्यालाही हसू आलं. ते गुपित इतक्या मोठ्यानं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि आकाश काही कोसळलं नव्हतं.

शिकणं मात्र जमेना. दर शनिवारी तो पडे. सोमाली बाई शिकून बाजारात जाऊ लागली, अफगाणी बाईनं एक हात सोडून दाखवला, आणि एवाल्ड आपला झुडपात.

"काका, डावीकडं वळायचंय ना? मग दांडा उजवीकडं का रेटता?"

"बोटीला तसंच करतात."

"ही बोट आहे का?"

एप्रिल उजाडला तेव्हा त्यानं हात टेकले. शिरस्त्राणं आणि खाऊ घेऊन यायला हनादीची पेटीची तीनचाकी होती. त्या दिवशी ती दारात आडवी उभी होती. बाजूला घ्यायला सोमाली बाई बसली, तर सवयीनं तिनं वळणावर अंग झुकवलं आणि तीनचाकी भिंतीवर नेली. मग एवाल्ड बसला. पेटीचा मागचा दांडा त्यानं उजवीकडं रेटला. पेटीचं नाक डावीकडं वळलं. त्यानं पुन्हा रेटला. तोल सांभाळायचा नव्हताच. हे तर सुकाणू होतं! त्यानं अंगणाला एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि फाटकातून रस्त्यावर गेला.

"काका, थांबा!" हनादी मागं धावत सुटली. "आत माझा केक आहे!"

त्या संध्याकाळी एवाल्डनं स्वतःहून फोन लावला. गुद्रुननं नळ बंद केला आणि ती दारात उभी राहिली.

"आल्बेर्ते, माझ्या गुडघ्याला काही झालेलं नाही."

"बरा झाला?"

"कधी दुखतच नव्हता. मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती."

त्यावर पलीकडं जो हसण्याचा स्फोट झाला, तो दारातल्या गुद्रुनलाही ऐकू गेला. "आजोबा! आणि मी दर नाताळला तुला लोकरीचे गुडघेपट्टे पाठवतेय!"

"ऊब चांगली देतात. बरं ऐक. ती पेटी राहू दे, पण चालवणार मी. माड्सला म्हणावं, तू आपला आपण ये."

"मग पेटीत कोण बसणार?"

"नवरीला सायकलवर झगा सांभाळत यायचंय का?"

लग्नाच्या दिवशी नगरभवनासमोर वऱ्हाड जमलं. माड्सचा विश्वास बसेना. "पडाल आजोबा, आधी मी दाखवतो," म्हणत तो तीनचाकीवर बसला, वळणावर झुकला आणि सगळ्यांच्या देखत फुलांच्या कुंडीवर जाऊन आदळला. एवाल्डनं त्याला उतरवलं, नातीला हात देऊन पेटीत बसवलं आणि दांडा धरला. तांदळाच्या मुठी उडाल्या, सगळ्या घंट्या एकदम वाजू लागल्या.

तळी मागं पडली. पुलावर वारा आला तो आडवाच. एवाल्डनं दांडा थोडा रेटून धरला. पेटीतून नातीच्या डोक्यावरची पांढरी जाळी उडून त्याच्या तोंडावर येत होती, आणि तो हसत हसत ती बाजूला सारत होता.

गुद्रुन सायकल मारत त्याच्या शेजारी आली. "काय रे, गुडघा कसा आहे?"

पुलाचा चढ अजून संपायचा होता. एवाल्ड धापा टाकत म्हणाला, "आज खरंच दुखतोय गं!"

आणि त्यानं आणखी जोरात पायडल मारलं.