पोरगी पोचल्याचा मेसेज

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत सुदर्शनला सगळे 'दगड' म्हणत, आणि त्याचंही त्याला काही वाटत नसे. भूकंपात घरची सगळी माणसं गेली तेव्हा तो लहान होता. ढिगाऱ्यातून काढलं तरी रडला नाही, आणि पुढे कशालाच रडला नाही. चुलत्यानं वाढवला, चार पुस्तकं शिकवली. आता तो एका मोठ्या क्लासचे कॉम्प्युटर सांभाळत होता.

ऑफिसातलं मशीन सराव परीक्षेच्या दिवशी हटकून अडायचं. मग क्लासचे मालक नरसिंगसर तोंडाचा पट्टा सोडायचे. एका संध्याकाळी सुदर्शननं पाहिलं, तर मशीन सुरू झालं की मागच्या मागे ढीगभर प्रोग्रॅम आपोआप चालू होत होते. एक हवामान सांगणारा, एक गाण्यांचा, एक कधीच मोडलेल्या प्रिंटरचा. न बोलावता आलेले पाहुणे, उठायचं नाव नाही! त्यानं एकेक बंद केला. एकाचं नाव ओळखीचं नव्हतं, तोही केला. मशीन पळायला लागलं. सरांनी चक्क चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निलंग्याकडची पार्वतम्मा धापा टाकत आली. तिची उज्वला इथं बारावीला होती.

"माझी पोरगी हाय का?"

उज्वलाला वर्गातून बोलावलं. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, "जा, बस," म्हणाली आणि पायरीवरच बसकण मारली.

आता सुदर्शनच्या डोक्यात उजेड पडला. पोरांनी दारात अंगठा लावला की घरी मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम म्हणजे काल बंद केलेला तो अनोळखी नावाचा होता.

"वाचता येत न्हाई मला," पार्वतम्मा म्हणाली. "पर सकाळी फोन वाजला की पोरगी पोचली म्हनून समजते, मंग भाकर खाते. आज वाजलाच न्हाई. भूकंपात माझा थोरला मामाच्या गावी होता. त्यो गेल्याचं कुनी सांगाया आलं न्हाई. मी आपली सैपाक करून वाट बघत राहिले."

"बरं," सुदर्शन म्हणाला. आत काही हललं नाही.

सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एवढ्या पोरांत एकच बाई आली ना? मग कुणाचं अडलंय? बंदच राहू दे. पुन्हा मशीन रखडलं तर तू घरी."

सरांचं खोटं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याच घरून साधी विचारणा झाली नव्हती.

सकाळी दार उघडायच्या आधी सुदर्शननं तो प्रोग्रॅम परत सुरू केला. भीती वाटली नाही, की मोठं काही केल्यासारखंही वाटलं नाही. पोरं आली, अंगठे लागले, मशीन रखडलं. सर ओरडायला लागले, हिशेब करून निघ म्हणाले. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला, सुदर्शननं उचलला.

"वाजला रे बाबा," पलीकडून पार्वतम्मा म्हणाली. "बसते आता खायाला. तू जेवलास का?"

असं त्याला पुष्कळ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

"हाव," तो खोटंच म्हणाला आणि फोन ठेवला. सर ओरडतच होते. त्याला सपाटून भूक लागली होती.