कौतिकाच्या हातचं पाणी

माझा नवरा हे न ऐकताच गेला. पोरबाळ नाही, तेव्हा घरात सांगायला कोणी उरलं नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरं. चौथीपर्यंत शिकले आहे, लिहिता येतं. मग इतकी वर्षं का लिहिलं नाही? लाज वाटत होती. आता लाज गेली असं नाही, पण दिवस थोडे उरले आहेत.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. आमचं वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, आणि आम्ही कुणबी, घरची शेती असलेले, सरकारी कामावर खडी फोडायला गेलो. रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम होतं. दिवसभर उन्हात बसायचं, पुढ्यात दगडांचा ढीग, हातात हातोडी. तहान कशी लागायची ते सांगून कळणार नाही.

पाणी द्यायला कौतिका नावाची बाई होती. मंगरूळपीरकडच्या कुठल्या गावाहून नवऱ्याबरोबर आलेली, कामाजवळच पाल ठोकून राहायची. पोटुशी होती म्हणून मुकादमानं तिला दगडावर न बसवता पाण्यावर ठेवलं. बैलगाडीवरच्या टाकीतून घागर भरायची आणि गडव्यानं सगळ्यांना पाणी देत फिरायचं. तिची जात कोणी विचारली नाही. आमच्या भागात असं होत नाही — पण मुकादमानं पाण्यावर ठेवली म्हणजे आपल्यातलीच असणार, असं ज्यानं त्यानं धरून घेतलं. मुकादमानंही तिच्याकडे बघून तेच धरलं असेल. बघून काय कळतं? आमच्यासारखंच लुगडं, आमच्यासारखंच गोंदण, आमच्यासारखीच उन्हानं काळी पडलेली.

दुपारी आम्ही दोघी एकत्र भाकर खायचो. तिची जीभ तिखट होती. मुकादम सावलीत बसून कण्हत असला की म्हणायची, "काय वं ताई, दिवस मले गेले का त्याले?" मी हसायची. त्या वर्षी मी दुसऱ्या कशाला हसल्याचं आठवत नाही.

मला मूल नव्हतं. एक दिवस मी तिला म्हटलं, बाळंतपणाला माझ्या घरी ये, पालात कुठं बाळंत होतेस? ती भाकर खाता खाता थांबली. मग म्हणाली, "ताई, तुमच्या घरात मले कोण उभं करीन? आमी बौद्ध हावो."

आमच्या तोंडी त्या काळी त्यांच्यासाठी जो शब्द होता, तो मी इथं लिहीत नाही. तेव्हा मात्र मनात तोच आला. तिला काही खोटं बोलायची गरज नव्हती आणि ती बोललीही नव्हती. मी घरी बोलावलं नसतं तर तिनं सांगितलंही नसतं. माझ्या चांगुलपणानंच तिला बोलतं केलं — आणि तो चांगुलपणा तिथंच संपला.

त्या दुपारनंतरही तहान लागली. तिनं पाणी दिलं, मी प्याले. पाणी कालच्यासारखंच होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते धर्म बुडतो म्हणून केलं असं तुम्ही समजाल. तसं नव्हतं. मला भीती होती ती माणसांची.

दुसऱ्या दिवसापासून मी वेगळी बसून जेवू लागले. माझी मोठी जाऊ कामावर होती, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "काहून वं, एकटीच खाऊन राह्यली? मैतरणीसंगं भांडली का?" मी सांगून टाकलं. तिनं कपाळाला हात लावला आणि उठून गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कामावर माहीत झालं.

बायका मुकादमाकडे गेल्या. मुकादम घाबरला. साहेबानं ताकीद देऊन ठेवली होती, सरकारी कामावर जातीचं नाव चालणार नाही. तो म्हणाला, "जातीचं बोलू नका, बाप्पा. दुसरं काही असन तं सांगा." जावेनं माझ्याकडे बोट केलं. "हिले इचारा. हेच तिच्यापाशी बसे."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "तिच्या हाताले खरूज हाय. मी पाह्यली."

कोणी शिकवलं नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं, आणि पटकन निघालं.

कौतिका घागर घेऊन तिथंच उभी होती. तिनं घागर खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. आधी मुकादमापुढे, मग जावेपुढे, मग एकेका बाईपुढे. तळवे दाखवले, हात उलटे केले, बोटं फाकवून दाखवली. स्वच्छ हात होते. सगळ्यांनी पाहिले. माझ्यापुढे आली तेव्हा तिनं हात दाखवले नाहीत. नुसतं पाहिलं आणि गेली.

तिला हातोडी मिळाली. आणि पाण्यावर कोणाला ठेवलं? मला. मी नको म्हटलं का? नाही. हलकं काम होतं.

दिवस भरायला अजून बराच वेळ असताना ती त्या पोटानं दगडावर बसायची. मी पाणी देत तिच्या जवळून जायची. ती माझ्याकडे कधी मागायची नाही. नवऱ्यानं पालातून आणलेलं पीत असे. एका सकाळी ती ढिगाशेजारीच आडवी झाली. लुगडं रक्तानं भिजलेलं. नवरा गाडी बघायला धावला, मुकादम त्याच्या मागे. बाया लांब उभ्या, पदर तोंडावर धरून, रस्त्याकडे बघत. मी घागर घेऊन जवळ होते. तिनं डोळे उघडले. तेव्हा मात्र तिनं मागितलं. "ताई, पाणी."

गडव्यासाठी हात वर केला तिनं. मी गडवा तिच्या हातात दिला नाही. तोंडाला लावला नाही. हात उंच केला आणि वरून धार सोडली. आडव्या पडलेल्या बाईला वरून पाणी कसं पिता येईल? नाकात गेलं, डोळ्यांत गेलं, ती ठसकली. निम्मं मातीत गेलं. जाऊ माझ्याकडे बघत नव्हती, मुकादम तिथं नव्हता. कोणीच बघत नव्हतं. आजवर मी जे सांगितलं नाही ते हेच.

गाडी आली, तिला रिसोडला नेलं. मूल मेल्याचं दुसऱ्या दिवशी कामावर कळलं. तिचं काय झालं ते सांगणारी माणसं होती. मी विचारलं नाही.

गाडी वळणाआड गेल्यावर मी टाकीपाशी परत आले. गडवा तिला लागलाही नव्हता. तरी मी तो माती लावून घासला, धुतला, आणि मग बायांना पाणी द्यायला गेले.