मैदानाकडची बाजू

आमची आत्या पगारी सायकलपटू होती. ऐन उमेदीची सगळी वर्षं तिनं रस्त्यावरच्या शर्यतींत काढली आणि एकही शर्यत जिंकली नाही. जिंकणं तिचं कामच नव्हतं. संघात एक राणी असते, बाकीच्या तिच्यासाठी राबतात. आत्याकडे वारा अडवायचं खातं होतं. वारा ज्या अंगाने येईल त्या अंगाला राहायचं, आडोशाची बाजू राणीला मोकळी ठेवायची, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून पुरवायच्या आणि शेवटच्या चढावर राणी ताज्या दमाने सुटली की आपण मागे गळायचं. खांदे रुंद, पाठ ऐसपैस. संघातल्या मुली तिला 'भिंत' म्हणायच्या आणि ती खुशाल ओ द्यायची.

आजोबांच्या मात्र हे काही केल्या डोक्यात शिरत नसे. ते टेलर. मैदानासमोरच्या दुकानांच्या रांगेत त्यांचं दुकान, गळ्यात टेप, दातांत टाचणी. शर्यत संपली की आत्याचा फोन यायचा.

"कितवी?"

"शहाऐंशीवी, बाबा."

"एवढ्या बायका सायकल चालवतात?" असं म्हणून ते मशीनचं पायडल हाणायला लागायचे.

माया नव्हती असं नाही. तिची पहिली शर्यतीची चड्डी त्यांनीच शिवली होती. इतकी मन लावून शिवली, की नेमकी बसायच्या जागी दुहेरी शिवण घातली. आत्या ती घालून घाट चढून आली आणि आठवडाभर उभ्याने जेवली. आजोबांनी मुकाट्याने शिवण उसवली, दोन्ही बाजूंना सरकवली, मध्ये गादी भरली. पुढे संघाच्या कंपनीचे कपडे आले, तरी सरावाला ती बाबांचीच चड्डी घालायची.

दुकान बंद ठेवायचं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्यांनी तिची एकही शर्यत पाहिली नव्हती. पण आत्याच्या अखेरच्या मोसमात एका शर्यतीचा रस्ता बरोबर आमच्या दुकानावरून काढला गेला. तेव्हा तिच्या मनाने एकच घेतलं. एकदा, निदान एका रस्त्यापुरतं तरी, बाबांनी आपल्याला सगळ्यांच्या पुढे बघावं.

सायकलवाल्यांत त्याची सोय असते. शर्यत एखादीच्या घरावरून जाणार असली, की बाकीच्या जरा हात आखडता घेतात आणि तिला पुढे सोडतात. ती घरच्यांना भेटते आणि घोळका आला की परत त्यात शिरते. फक्त आधी विचारावं लागतं.

त्या दिवशी वारा नुसता पिसाळला होता. आत्याने भीत भीतच राणीला विचारलं. राणी म्हणाली, "जा गं भिंती. पण लगेच ये, नाहीतर मी उडून जाईन."

आत्या सुटली. चौकातून एकटी वळली, तशी अख्खी दुकानांची रांग ओरडायला लागली. आजोबा पायरीवर उभे होते, कात्री हातातच. आत्या रस्त्याच्या पार पलीकडच्या कडेने, मैदानाच्या बाजूने आली आणि ऐनवेळी रस्ता कापून दुकानापाशी थांबली.

"बाबा!"

"पहिली आहेस?"

"आत्तापुरती."

"मग थांबलीस कशाला, वेडे?" आजोबा किंचाळलेच. "मागून आल्या बघ त्या! पळ!" कात्री टाकून त्यांनी तिला पाठीत असा रट्टा दिला, की सायकल आपोआप चालू लागली. मिठी नाही, पाण्याचा घोट नाही. थोड्याच वेळात घोळका भरकन आला आणि तिला पोटात घेऊन गेला.

राणी त्या दिवशी जिंकली. आत्या शंभराच्याही पलीकडे.

संध्याकाळी ती दुकानात आली तेव्हा शेजारचा सलूनवाला आधीच तिथे बसला होता. "काय मास्तर, पोरगी आपल्या चौकात पहिली, आणि चौक संपल्यावर? आपला चौकच लांब करायला सांगा!"

"तुझ्याकडे गिऱ्हाईक बसलंय, तोंडाला साबण लावून," आजोबा म्हणाले. तो हसत गेला.

आत्याला वाटलं, आता विचारतील, पहिली होतीस ती मागे कशी पडलीस. त्या सगळ्यांनी आपल्याला मुद्दाम पुढे सोडलं होतं, हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण आजोबांनी भलतंच विचारलं.

"दुकान या अंगाला, आणि तू त्या अंगाने का आलीस? मला वाटलं, थांबायचंच नाही तुला."

आत्याने वळून दाराबाहेर रस्त्याकडे पाहिलं.

"आणि सारखी काखेतून मागे काय बघत होतीस? तेव्हा मागे तर कुणी नव्हतं."

तेव्हा आत्याच्याही ध्यानात आलं. वारा मैदानाकडून होता. सवयीने तिने ती बाजू धरली होती आणि दुकानांकडचा रस्ता राणीसाठी मोकळा सोडला होता. राणी अर्धा मैल मागे असताना. आयुष्यात एकदा पुढे जायला मिळालं, आणि तिथेही ती कुणाला तरी आडोसा देत आली होती.

मग तिने सगळं सांगितलं. घोळक्याने दिलेली मोकळीक, राणी, वारा, बाटल्या, सगळं. आजोबांनी ऐकता ऐकता एक बटण लावलं, उसवलं, परत लावलं.

"म्हणजे ती जिंकते ते तुझ्यामुळे?"

"थोडंफार."

"मग फोनवर कितवी कितवी काय सांगत होतीस मला?"

"तुम्हीच विचारत होता, बाबा!"

आजोबांनी दुकान बंद केलं. दोघं घराकडे चालू लागली. आत्या नेहमीसारखी मैदानाच्या बाजूला. चार पावलांवर आजोबा थांबले, तिच्या दंडाला धरून तिला दुकानांच्या कडेला ढकललं आणि स्वतः मैदानाकडे आले. "आतून चाल."

पुढे किती वर्षं ती दोघं अशीच फिरायला जात. आजोबा वाळून टेपसारखे झाले होते, वाऱ्याने धोतर फडफडायचं, काठी हलायची. त्यांच्याआड कसला वारा अडणार? तरी आत्या त्यांच्या आडोशाला खांदे आवळून, अंग चोरून चालायची. एवढी मोठी भिंत, पण मापात बसायची.

आजोबा गेले. दुकानात आता मोबाइल दुरुस्त होतात. आत्या रोज संध्याकाळी त्या रस्त्याने जाते, एकटीच, दुकानांच्या अगदी कडेने. मैदानाकडची बाजू मोकळी ठेवून.